स्लॅबमधली ऊर्जा: मोजायची कशी, कमी करायची कुठे

पेणहून मुंबई-गोवा महामार्गाने नागोठण्याकडे निघालं की वडखळ मागे पडतं, डोलवीचा पोलाद कारखाना दिसू लागतो आणि पाठोपाठ गडब येतं. घर बांधण्याआधी त्याच्या सामानावर किती ऊर्जा खर्च झालेली असते, हा प्रश्न समजून घ्यायला याहून सोयीची जागा महाराष्ट्रात क्वचित सापडेल. सळई इथेच तयार होते. लोखंड वितळवताना निघणारी मळी, म्हणजे स्लॅग, दळून तिचं सिमेंटही डोलवीतच होतं. पावसाळा सरला की भातखाचरांच्या कडेला वीटभट्ट्या लागतात. आणि या सगळ्याचं गिऱ्हाईकही इथेच आहे, कारण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या पट्ट्यातली कौलारू घरं उतरून त्यांच्या जागी स्लॅबची घरं उभी राहिली.

अंतर्भूत ऊर्जा म्हणजे खाणीतून दगड काढण्यापासून भिंतीला शेवटचा हात देईपर्यंत लागलेली सगळी ऊर्जा. भट्टीतला कोळसा, गिरणीची वीज, ट्रकचं डिझेल, साइटवरचा मिक्सर, सगळं त्यात आलं. पुढे राहायला गेल्यावर पंखे, दिवे, फ्रिज यांना लागते ती वापरातली ऊर्जा, तिचा हिशोब वेगळा. वापरातल्या ऊर्जेचं बिल दर महिन्याला दारात येतं. अंतर्भूत ऊर्जेचं बिल सिमेंटच्या गोणीच्या दरात विरघळून गेलेलं असतं, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

हा हिशोब मांडायची सुरुवात १९७३ च्या तेलसंकटानंतर झाली. १९७४ मध्ये स्वीडनमधल्या गुल्डस्मेडशिट्टन या गावी एक आंतरराष्ट्रीय बैठक भरली आणि ऊर्जेचा हिशोब कुठे सुरू करायचा, कुठे थांबवायचा याचे नियम ठरवायचा पहिला मोठा प्रयत्न तिथे झाला. योगायोग असा की त्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांनी 'अस्त्रा' हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट सुरू केला. के. एस. जगदीश आणि बी. व्ही. वेंकटराम रेड्डी यांनी त्या परंपरेत दाबलेल्या मातीचे ठोकळे, कमी सिमेंटची छपरं, चुना-पोझोलाना यांवर वर्षानुवर्षं काम केलं. २००३ साली या दोघांनी भारतीय बांधकाम साहित्याच्या अंतर्भूत ऊर्जेवर जो निबंध प्रसिद्ध केला, तो आजही या विषयातला आपला पायाभूत दस्तऐवज आहे. कुठल्याही आर्किटेक्चर कॉलेजातला प्रबंध उघडा, त्यातले आकडे तिथूनच आलेले दिसतील. सिमेंट किलोमागे ५.८५ मेगाज्यूल, पोलाद ४२, काच २५.८, अॅल्युमिनियम २३६.८. एक भाजलेली वीट ४.२५ मेगाज्यूल.

मेगाज्यूल म्हटलं की सामान्य वाचक तिथेच थांबतो. म्हणून या लेखापुरतं आपण सिलिंडरचं माप घेऊ. घरगुती गॅसच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण ६५० मेगाज्यूल ऊर्जा असते.

आता गडबमध्ये कुणी ६०० चौरस फुटांचा, पाच इंची स्लॅब भरतोय असं समजा. काँक्रीट सात घनमीटर लागेल. एक-दीड-तीनच्या मिश्रणाने घनमीटरला आठ गोण्या धरल्या तर ५६ गोण्या, म्हणजे २,८०० किलो सिमेंट. सळई ठेकेदाराच्या अंदाजाने साडेपाचशे किलो. २००३ च्या आकड्यांनी सिमेंटचे १६,३८० आणि सळईचे २३,१०० मेगाज्यूल होतात. बेरीज ३९,४८०, म्हणजे साठ सिलिंडर. भिंती नाहीत, पाया नाही, फरशी नाही, फक्त डोक्यावरचा स्लॅब. खडी-वाळू यात धरलेली नाही, पण तिचा वाटा किरकोळ असतो. चौरस मीटरला हे ७०० च्या थोडं वर जातं. निबंधातल्या कोष्टकात स्लॅबला ७३० आहेत, तेव्हा मांडणी जुळते. त्याच कोष्टकात मंगळुरी कौलांच्या छपराला चौरस मीटरला २२७ आहेत.

गडबड इथून पुढे सुरू होते. पोलादाचा ४२ हा आकडा आला कुठून? भारतातले एकात्मिक पोलाद कारखाने १९९० च्या सुमारास एक टन कच्च्या पोलादाला दहा गिगाकॅलरीच्या आसपास ऊर्जा खात होते. दहा गिगाकॅलरी म्हणजे ४२ गिगाज्यूल. आज तीच सरासरी सहा-साडेसहा गिगाकॅलरीवर आली आहे, किलोला २६ मेगाज्यूल धरा. सिमेंटचंही तसंच. ओल्या पद्धतीच्या जुन्या भट्ट्या गेल्या, आपले सिमेंट कारखाने जगातल्या काटकसरी कारखान्यांत मोजले जातात. साध्या सिमेंटला आज किलोला चारच्या आसपास आणि निम्मा स्लॅग घातलेल्या सिमेंटला अडीचच्या आसपास ऊर्जा लागते असा माझा अंदाज आहे. त्या हिशोबाने वरचाच स्लॅब २१,३०० मेगाज्यूलवर येतो. तेहतीस सिलिंडर. मिस्त्री तोच, फरमा तोच, ट्रकभर खडीही तीच. बदललं ते कोष्टकाचं वर्ष आणि गोणीवरचं नाव.

म्हणून 'आमच्या इमारतीची अंतर्भूत ऊर्जा चाळीस टक्के कमी' असं कुठल्या माहितीपुस्तिकेत वाचलं की पहिला प्रश्न विचारावा: कुठल्या आकड्यापेक्षा? जुना आकडा तुलनेला आणि नवा आपल्या बाजूला घेतला की काही न करताही बचत दिसते. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात हॅमंड आणि जोन्स यांनी केलेली यादी जगभर फुकट मिळते, म्हणून आपल्याकडेही सर्रास वापरतात. पण तिथली वीट गॅसवर भाजलेली आणि तिथलं लाकूड तिथल्या जंगलातलं. इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनने २०१७ मध्ये खास भारतासाठी साहित्याची यादी केली, ते मोठं काम झालं. तरीही पेणची भट्टी आणि बिहारची भट्टी एका सरासरीत बसवली की पेणबद्दल काहीच कळत नाही.

दुसरी अडचण हिशोबाच्या सीमेची. कारखान्याच्या फाटकापर्यंत मोजायचं की साइटपर्यंत? दुरुस्ती धरायची का? पाडकाम? युरोपच्या मानकाने याचे टप्पे पाडून दिले आहेत, म्हणजे निदान कुणी काय सोडलं ते दिसतं. पण एकेका प्रक्रियेचा माग काढत गेलं तर कुठेतरी थांबावंच लागतं. सळईच्या कारखान्यातली यंत्रं, ती बनवणारा कारखाना, त्याचं पोलाद, असं मागे जाता येतं. अर्थशास्त्रातली आदान-प्रदान कोष्टकं वापरून सगळी अर्थव्यवस्थाच हिशोबात घ्यायची दुसरी पद्धत आहे. तिच्यात काही सुटत नाही, पण तपशील पुसट होतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम ट्रेलोर यांनी दोन्हींचा मेळ घातला, तेव्हा नुसत्या प्रक्रियेच्या हिशोबातून बराच मोठा वाटा निसटतो असं दिसलं. एकाच इमारतीचे दोन प्रामाणिक आकडे दुपटीने वेगळे येऊ शकतात ते यामुळे.

सीमेच्या वादाचं सर्वात रोकडं उदाहरण डोलवीतच आहे. १९९० च्या दशकात इस्पात इंडस्ट्रीजने उभारलेला आणि २०१० च्या अखेरीस जेएसडब्ल्यूने घेतलेला हा कारखाना आज वर्षाला एक कोटी टन क्षमतेचा आहे. कोळसा आणि खनिज जयगडला मोठ्या जहाजातून उतरतं आणि लहान जहाजांनी धरमतरच्या खाडीत येतं. झोतभट्टीत एक टन लोखंडामागे साधारण ३०० ते ४०० किलो मळी निघते. तापलेल्या मळीवर पाण्याचा मारा केला की तिचे काचेसारखे दाणे होतात आणि ते दळले की चुन्याच्या सान्निध्यात सिमेंटसारखे घट्ट होतात. भारतीय मानक ४५५ प्रमाणे स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के मळी चालते.

मग त्या मळीवर ऊर्जा किती चढवायची? मळी हा कचरा मानला तर भट्टीतल्या सगळ्या कोळशाचा भार सळईवर जातो आणि सिमेंट हलकंफूल होतं. मळी विकली जाते, तिला भाव आहे, तेव्हा तो जोडमाल मानला तर भावाच्या प्रमाणात थोडा भार तिच्यावर पडतो. वजनाच्या प्रमाणात वाटणी केली तर सिमेंटची सगळी हिरवाई उतरते. तिन्ही रीती जगात वापरल्या जातात. गडबच्या घरमालकाला मात्र याने फरक पडू नये, कारण तो सळईही घेतो आणि सिमेंटही. भार कुठल्याही खिशात टाका, दोन्ही खिसे त्याचेच. वाटणीच्या युक्त्या फक्त अर्ध्या मालाच्या जाहिरातीत चालतात.

ऊर्जा आणि कार्बन यांचीही गल्लत होते. चुनखडी १,४५० अंशांवर भाजून क्लिंकर करताना इंधनाचा धूर तर होतोच, पण शंभर किलो चुनखडीतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच सुटतो. तो ऊर्जेच्या कोष्टकात दिसत नाही. स्लॅग वापरला की क्लिंकर कमी लागतो, म्हणून कार्बनची बचत ऊर्जेपेक्षाही मोठी असते. भाताच्या तुसावर भाजलेल्या विटेचं उलट आहे. ऊर्जा भरपूर खाल्लेली, पण तो कार्बन गेल्या हंगामात हवेतूनच आलेला. अलीकडे जगाचा रोख कार्बनकडे वळला आहे. डेन्मार्कने २०२३ मध्ये मोठ्या इमारतींना पन्नास वर्षांच्या हिशोबाने चौरस मीटरला वर्षाकाठी १२ किलोची मर्यादा घातली. आपल्या पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली: टनाला २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर ते हरित, आणि १.६ च्या खाली असेल तर पंचतारांकित. पेठेतल्या दुकानात सळई घेताना असे तारे विचारणारं गिऱ्हाईक दिसायला अजून वेळ लागेल.

'जवळचं ते कमी ऊर्जेचं' हे वाक्य या विषयात मंत्रासारखं म्हटलं जातं. गांधीजींनी पाच मैलांच्या आतल्या साहित्याने घर बांधावं असं सांगितलं आणि वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ते आयुष्यभर मनावर घेतलं. खडी, वाळू, दगड, माती यांना तो मंत्र तंतोतंत लागू पडतो. एक घनमीटर खडी फोडायला २० मेगाज्यूल लागतात आणि ती ५० किलोमीटर आणायला ८७. पण सळईला तो लागू नाही. गडबमधून डोलवीची सळई हातगाडीवर आणता येईल इतकी जवळ आहे, आणि तरीही ती खनिजापासून केलेली, २६ मेगाज्यूलची. चारशेहून जास्त किलोमीटरवरच्या जालन्यात भंगार विजेच्या भट्टीत वितळवून सळया करतात. निव्वळ भंगारातून केलेल्या सळईला याच्या निम्म्याहूनही कमी ऊर्जा लागते, आणि ती ट्रकने इथपर्यंत आणायचा खर्च किलोला जेमतेम अर्धा मेगाज्यूल. जालन्याची प्रत्येक सळई निव्वळ भंगाराची नसते हेही खरं. कोळशावर केलेलं स्पंज आयर्न त्यात मिसळलं की फायदा झपाट्याने उतरतो, आणि भंगाराची प्रतही पाहावी लागते. शिवाय देशाला पुरेल एवढं भंगार आपल्याकडे निघत नाही. तुम्ही घेतलं तर दुसऱ्याला खनिजाचं घ्यावं लागेल.

जांभ्याचं गणित या दोहोंच्या मध्ये पडतं. चिरा भाजावा लागत नाही, फक्त कापावा लागतो. खेडच्या बाजूने दीडशे किलोमीटर आणला तरी घनमीटरला तीनशे मेगाज्यूल होतात. वीट घनमीटरला २,५५० ची, म्हणजे आठ-नऊ पट. इतक्या लांबून आणूनही जांभा जिंकतो. तरी पेणच्या बाजूला वीट का चालते? भट्टी शेजारी आहे, उधारी चालते, पातळ भिंत घेता येते आणि गवंड्याचा हात विटेवर बसलेला आहे.

विटेकडे थोडं थांबून पाहायला हवं, कारण तिच्या हिशोबात एक गोष्ट कुणीच धरत नाही. दिवाळीनंतर रायगडातल्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबं मुलाबाळांसकट भट्टीवर जातात ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. आधी उचल घेतलेली असते. मग हजार विटांमागे ठरलेल्या दराने ती फेडायची. माती कालवणं, वीट पाडणं, वाळत घालणं, भट्टी रचणं, सगळं हातानं. कोष्टकात या श्रमाची ऊर्जा शून्य असते, कारण माणूस जेवतो ते तसंही जेवलाच असता असं शास्त्र म्हणतं. शास्त्र म्हणून ते बरोबर असेल. पण कमी इंधनाच्या यांत्रिक विटेची तुलना हाताच्या विटेशी करताना एका बाजूची वीज मोजायची आणि दुसऱ्या बाजूची उचल मोजायची नाही, हे मला पटत नाही.

इंधनाची बचत मात्र भट्टीच्या रचनेतच आहे. २०१२ च्या एका पाहणीत साध्या चिमणीच्या स्थिर भट्टीला किलो विटेमागे १.२२, झिगझॅग रचनेला १.१२ आणि उभ्या शाफ्टच्या भट्टीला ०.९५ मेगाज्यूल मोजले गेले. आपल्याकडची चिमणी नसलेली, विटांचाच ढीग रचून पेटवलेली भट्टी याहून उधळी, कारण उष्णता चारी बाजूंनी वाऱ्यावर जाते. केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये नव्या भट्ट्या झिगझॅग, उभ्या शाफ्टच्या किंवा पाइपच्या गॅसवरच्याच हव्यात असा नियम केला. दरवर्षी शेत बदलणाऱ्या हंगामी भट्टीला पक्की झिगझॅग बांधायला भांडवल कोण देणार, हा प्रश्न नियमात नाही.

एवढा सगळा हिशोब करायचाच कशाला, असंही कुणी म्हणेल. २०१० साली रमेश, रवि प्रकाश आणि शुक्ला यांनी तेरा देशांतल्या ७३ इमारतींचे अभ्यास एकत्र तपासले. इमारतीच्या आयुष्यात ८० ते ९० टक्के ऊर्जा वापरात जाते, साहित्यात फक्त १० ते २०, असा निष्कर्ष निघाला. आपले नियमही याच दिशेने चालले. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने आधी व्यापारी इमारती पाहिल्या. २०१८ च्या इको निवास संहितेने घरांच्या भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घातली. ती भिंत कशी भाजली गेली, हे तिने विचारलं नाही.

पण त्या ७३ इमारतींत थंड देशांतल्या बऱ्याच, गरम ठेवलेल्या. गडबच्या घरात हीटर नाही, बहुतेक घरांत एसीही नाही. महिन्याला शंभर युनिट जळतात असं धरा. औष्णिक केंद्रात एका युनिटमागे त्याच्या तिप्पट ऊर्जेचा कोळसा लागतो, तो धरून वर्षाला १३ गिगाज्यूल होतात. बंगळूरच्या निबंधात विटेच्या दुमजली घराला चौरस मीटरला २.९२ गिगाज्यूल आहेत. त्या दराने ६०० फुटांचं घर म्हणजे १६० च्या वर. बारा वर्षांचं वीजबिल घर बांधतानाच भरून झालेलं. नव्या आकड्यांनी मांडलं तरी सात-आठ वर्षांचं. हे घर तीस वर्षांत गळायला लागलं तर साहित्याचा वाटा पाचात एकाच्या आसपास राहतो, जुन्या आकड्यांनी चौथ्या हिश्श्याच्या वर जातो. आणि पेण-रोह्याच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यात, घर तीस वर्षांत गळू लागणं हे काही नवल नाही.

माझ्या मते या भागापुरता सर्वात महत्त्वाचा मुद्दा हाच. खाडीची खारी हवा काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून सळईपर्यंत पोचते. सळई गंजली की फुगते, गंज लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, आणि खालचा थर पापुद्र्यासारखा सुटून पडतो. समुद्रकाठच्या उघड्या काँक्रीटला भारतीय मानक ४५६ एम-३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर सांगतं. साइटवर काय असतं? सळईखाली खडीचा नाहीतर फुटक्या फरशीचा तुकडा सरकवलेला. काँक्रीट ओतताना पाय पडला की तो बाजूला होतो आणि सळई फळीला टेकते. फरमा काढल्यावर सळईची रेघ खालून दिसते, तिच्यावर गिलावा मारतात. साठ वर्षं टिकायचा स्लॅब तीस वर्षांत गेला की वर्षामागची ऊर्जा दुप्पट झाली. सिमेंट बदलून, ठोकळे बदलून जेवढी बचत होते तेवढी या एका तुकड्यापायी जाते. कव्हर ब्लॉक सळईच्या मानाने मातीमोल भावाने मिळतात.

स्लॅग सिमेंट इथे दोनदा कामाला येतं. ते कमी ऊर्जेचं आहेच, शिवाय त्याचं काँक्रीट जास्त घट्ट विणीचं होतं आणि क्षाराला सहज आत येऊ देत नाही. म्हणजे डोलवीची मळी खारेपाटातल्या घराला अगदी हवी तशी. तरी मिस्त्री नाक मुरडतो, आणि त्याचं कारण अडाणीपणा नाही. या सिमेंटला सुरुवातीची ताकद सावकाश येते. साध्या सिमेंटला सात दिवस पाणी मारून भागतं, मिश्र सिमेंटला दहा तरी हवेत, चौदा बरे. सेंट्रिंगच्या फळ्या आणि टेकू भाड्याने असतात, दिवसावर पैसे चढतात, पुढची साइट थांबलेली असते. सातव्या दिवशी टेकू काढायची सवय असलेला ठेकेदार स्लॅग सिमेंटला बदनाम करतो तो याच हिशोबाने. त्यात सिमेंटचा रंग फिका, म्हणून 'यात राख आहे' अशी शंका. ऊर्जा वाचवायची असेल तर त्या तीन ते सात दिवसांचं सेंट्रिंगचं भाडं कुणी भरायचं हे करारात लिहावं लागेल. मार्च-एप्रिलमध्ये स्लॅब भरणाऱ्याने पाण्याचीही सोय आधी पाहावी.

त्याच्याही आधीची पायरी नकाशाची. वरच्या स्लॅबच्या हिशोबात सळईचा वाटा ५८ ते ६७ टक्के निघतो. गावात बहुतेक घरांना आरसीसी डिझाइन नसतं. शेजारच्या घरात घातली तेवढी आणि वर दोन जास्त, असा सळईचा नेम असतो. वीस टक्के सळई उगाच पडली तर ११० किलो, म्हणजे चार सिलिंडर आणि वर पैसे. उलट कुठे गरज असते तिथे, म्हणजे सज्जाच्या वरच्या अंगाला, ती नेमकी कमी पडते. इंजिनिअरला दिलेली फी ऊर्जेच्या भाषेत मांडली तर याहून स्वस्त बचत दुसरी नाही. ग्रामपंचायतीपुढे घराचा नकाशा जातो, सळई किती किलो हे कुणी विचारत नाही.

बेकर यांचा फिलर स्लॅब आपल्याकडे फारसा रुजला नाही याचं मला आश्चर्य वाटतं. स्लॅबच्या खालच्या अंगाचं काँक्रीट ताणात असतं, ते भार घेत नाही, सळई घेते. मग तिथे काँक्रीटऐवजी जुनी कौलं बसवली तर काय बिघडलं? बंगळूरच्या आकड्यांत मातीच्या ठोकळ्यांचा फिलर स्लॅब ७३० वरून ५९० वर येतो. आणि या पट्ट्यात जुन्या कौलांना काय तोटा? घर उतरवलं की सागाचे वासे, दारं आणि खिडक्यांना जुन्या सामानाचा व्यापारी पैसे मोजतो, कौलं बऱ्याचदा कुंपणाशी रचून राहतात. दोनदा वापरलेल्या कौलाची भट्टी एकदाच पेटलेली असते. अडचण पुन्हा तीच: पुढे वर मजला चढवायचा असतो, मिस्त्रीने ते कधी केलेलं नसतं, आणि खालून कौलं दिसली की घर 'पुरं झालं नाही' असं वाटतं.

इथे कुडाच्या भिंतीकडे परतण्याची हाक देणारे भेटतात. कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेली भिंत ऊर्जेत जवळपास शून्य, यात वाद नाही. पण ती दर वर्षी लिंपावी लागते आणि ते काम घरातल्या बाईच्या वाट्याला येतं. भरतीचं पाणी बांध फोडून आत आलं तर भिंतच जाते. ज्यांनी तशा घरात पावसाळे काढले त्यांना स्लॅब हवा असतो, आणि त्यांचा तो हक्क आहे. शहरातल्या शनिवार-रविवारच्या मातीच्या बंगल्याला हा युक्तिवाद लागू पडत नाही, तिथे लिंपणारा पगारी असतो.

शहराचा हिशोब वेगळ्याच पातळीवरचा. बंगळूरच्या निबंधात आठ मजली आरसीसी इमारतीला चौरस मीटरला ४.२१ गिगाज्यूल आहेत. पन्नास चौरस मीटरचा फ्लॅट म्हणजे सव्वातीनशे सिलिंडर, वर्षाला दहा लागणाऱ्या कुटुंबाचा बत्तीस वर्षांचा स्वयंपाक. मुंबई-पुण्यात पस्तीस-चाळीस वर्षांच्या इमारती चटईक्षेत्रासाठी पाडल्या जातात, तेव्हा त्यातले जे अजून टिकाऊ सांगाडे असतात त्यांची ही शिल्लक राडारोड्यात जाते. सळई तेवढी भंगारात निघते. पुनर्विकासाच्या मंजुरीत या शिल्लकेचा रकाना नाही.

स्लॅगबद्दल एक शेवटची अडचण. झोतभट्टीची मळी हवी तेवढी मिळणार नाही. जगभर पोलाद उद्योग भंगार, वायू आणि पुढे हायड्रोजन यांकडे वळू पाहतोय. डोलवीत वायूवर स्पंज आयर्न करायची सोय सुरुवातीपासूनच आहे. झोतभट्ट्या जितक्या कमी होतील तितकी ही मळी घटेल, म्हणजे पोलाद हिरवं झालं की सिमेंट पुन्हा क्लिंकरकडे ढकललं जाईल. त्याची तोड म्हणून मातीला ७०० ते ८०० अंशांवर भाजून ती चुनखडीच्या भुकटीसह निम्म्या क्लिंकरच्या जागी घालायचं एलसी-३ सिमेंट पुढे आलं. स्वित्झर्लंडच्या कारेन स्क्रिव्हनर, क्यूबातले संशोधक आणि दिल्ली व मद्रासच्या आयआयटी यांनी त्यावर दशकभर काम केलं. कार्बन चाळीस टक्क्यांपर्यंत घटतो. २०२३ मध्ये त्याला आय.एस. १८१८९ हे भारतीय मानक मिळालं. त्याला लागणारी केओलिनयुक्त माती कोकणात सिंधुदुर्गात सापडते, आणि दर्जा चिनी मातीच्या भांड्यांइतका चोख असायची गरज नाही. खाणीत बाजूला टाकलेली हलक्या प्रतीची मातीही चालते. खाऱ्या हवेपुढे ते स्लॅग सिमेंटसारखंच चिवट ठरतं असं आतापर्यंतच्या चाचण्या सांगतात. पेणच्या दुकानात त्याची गोणी आली की मिस्त्री पहिला प्रश्न तोच विचारेल: फरमा कितव्या दिवशी काढायचा?